भट्टीचा काटा जागचा हलत नाही, तरी सांधा गोठतो

डिफ्यूजन ब्रेझिंगने जोडलेल्या एकाच तुकड्यात मला दोन वेगवेगळे सांधे दिसले, तिथून हे सगळं सुरू झालं. (ब्रेझिंग म्हणजे दोन तुकड्यांच्या मधे लवकर वितळणारा धातू, फिलर, घालून ते जोडणं.) निकेल मिश्रधातूच्या दोन पट्ट्या, मधे ५० मायक्रॉनची बीएनआय-२ या निकेल-बोरॉन फिलरची फॉइल, कडेला खबरदारी म्हणून त्याच फिलरची थोडी पेस्ट, आणि व्हॅक्यूम भट्टीत ११०० अंश सेल्सिअसला दोन तास. तुकडा लांबीत कापला, घासला, एचिंग केलं (आतली रचना दिसावी म्हणून आम्लाने किंचित कोरलं) आणि सूक्ष्मदर्शकाखाली डाव्या टोकापासून बघत निघाले. सांधा इतका स्वच्छ होता की तो नेमका कुठे आहे हे शोधावं लागत होतं. नमुना उजवीकडे सरकवत गेले तशी मधोमध एक बारीक काळपट रेघ उगवली. पुढे ती जाड झाली आणि शेवटच्या टोकाला तर नेच्याच्या पानांसारखी नक्षी पसरलेली.

भट्टी बघणारे काका शेजारीच होते. त्यांनी उरलेला अर्धा तुकडा उचलला, कडेवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "मॅडम, बर राहिलीय की हो इथे."

पट्टी कापताना एका कोपऱ्यावर बर, म्हणजे धातूची बारीक उभी कोर, राहिली होती आणि ती मी घासून काढलीच नव्हती. त्या बरीने वरची पट्टी एका बाजूने उचलून धरली. डावीकडे फट ५० मायक्रॉनची, उजवीकडे शंभराच्याही पुढे, आणि पेस्टमधल्या फिलरने ती भरून काढलेली. भट्टी तीच, तापमान तेच, वेळ तोच. हलगर्जीपणा माझा, पण त्यातून आयती एक पाचर तयार झाली होती. डिफ्यूजन ब्रेझिंगबद्दल तोवर जे नुसतं वाचलं होतं, ते त्या एका तुकड्यावर डावीकडून उजवीकडे लिहिलेलं दिसलं. आता नवीन कुणी शिकायला आलं की मी त्याच पाचरीपासून सुरुवात करते. फरक इतकाच, की ती मुद्दाम बनवते.

मिठाचं पाणी आणि बोरॉन

साध्या ब्रेझिंगमध्ये फिलर वितळतो, फटीत शिरतो, भट्टी उतरते आणि फिलर गोठतो. म्हणजे गोठवण्याचं काम थंडी करते. डिफ्यूजन ब्रेझिंगमध्ये भट्टी उतरायला लागण्याआधीच सांधा गोठून झालेला असतो. आलेखावर ११०० ची सरळ रेघ चालू असते आणि आत द्रवाचा घन होत असतो. बाहेर उभ्या माणसाला काहीच कळत नाही. गोठताना उष्णता बाहेर पडते हे खरं, पण ती तासभर थेंबाथेंबाने पडते. भट्टीच्या थर्मोकपलला, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेला, तिची चाहूलही लागत नाही.

हे पटवायला मला मिठाच्या पाण्याचा दाखला बरा पडतो. उणे ५ अंशांवर साधं पाणी बर्फ असतं. त्यात वजनाने ८ टक्क्यांच्या आसपास मीठ असेल तर ते त्याच तापमानाला पातळ राहतं. आता तापमान तसंच ठेवून कुणी त्यातलं मीठ हळूहळू काढून घ्यायला लागलं, तर बर्फ धरायला लागेल. थंडी वाढलेली नाही. ज्याच्या जोरावर ते पातळ होतं तेच निघून चाललंय. निकेलच्या फिलरमध्ये हे मिठाचं काम बोरॉन करतो. शुद्ध निकेल १४५५ अंशांना वितळतं. त्यात वजनाने सुमारे ३.६ टक्के बोरॉन घातला की युटेक्टिक, म्हणजे त्या दोघांचं सगळ्यात कमी तापमानाला वितळणारं मिश्रण, १०९३ अंशांनाच वितळतं. बीएनआय-२ मध्ये बोरॉनच्या जोडीला सिलिकॉन आणि क्रोमियमही असतं, म्हणून ते आणखी खाली, ९७१ अंशांना वितळायला लागतं आणि ९९९ ला पूर्ण द्रव होतं.

मिठाचा दाखला इथपर्यंतच चालतो, कारण मीठ बर्फात शिरत नाही. बोरॉन निकेलमध्ये शिरतो. त्याचा अणू इतका लहान असतो की निकेलच्या अणूंमधल्या सांदीकोपऱ्यांतून तो वाट काढत जातो. म्हणून तो झपाट्याने मुरतो. सिलिकॉनला मात्र निकेलच्या अणूची जागा घेत घेत जावं लागतं, म्हणून तो रेंगाळतो. सुदैवाने निकेलमध्ये सिलिकॉन भरपूर मावतं, त्यामुळे त्याचा त्रास कमी. खरी डोकेदुखी बोरॉनची, कारण तो पळतो वेगाने पण मावतो अगदी थोडा.

आत काय घडतं ते क्रमाने सांगते. फॉइल वितळते. ११०० अंशांना द्रव राहण्यासाठी जितका बोरॉन लागतो त्यापेक्षा या द्रवात जास्तच असतो, म्हणून तो दोन्ही बाजूंचा मूळ धातू थोडा थोडा खातो. म्हणजे सुरुवातीची काही मिनिटं सांधा अरुंद होण्याऐवजी उलटा रुंद होतो. नवशिक्यांना इथेच धक्का बसतो: ५० मायक्रॉनची फॉइल घातली आणि मोजमाप ७० दाखवतंय! मूळ धातू विरघळून द्रवातलं बोरॉनचं प्रमाण त्या तापमानाला शोभेल इतकं उतरलं की हे खाणं थांबतं.

मग खरा खेळ. बोरॉन दोन्ही बाजूंच्या घन धातूत मुरत राहतो. इथे एक गोष्ट मी मुद्दाम ठासून सांगते, कारण बहुतेकांचा इथे गैरसमज असतो. बोरॉन बाहेर जातो म्हणून द्रवातलं बोरॉनचं प्रमाण कमी होत जातं असं वाटतं, पण तसं होत नाही. तापमान ठरलं की घन आणि द्रव शेजारी शेजारी नांदण्यासाठी दोघांची घडणही ठरून जाते. द्रवात इतकाच बोरॉन, त्याला टेकलेल्या घनात इतकाच. मग बोरॉन गेला की कमी काय होतं? द्रवच कमी होतं. प्रमाण तेच, माप घटतं. दोन्ही भिंतींवर घन धातू चढत जातो, भिंती एकमेकींकडे सरकतात आणि मधोमध भेटतात.

त्या भिंती सपाट राहतात, हेही बघण्यासारखं. थंड करून गोठवलेल्या धातूत झाडाच्या फांद्यांसारखे डेंड्राइट फुटतात, कारण गोठणाऱ्या तोंडापुढे द्रवाची घडण जागोजागी वेगळी असते. इथे द्रव सगळीकडे सारखा आणि तापमानही सारखं, म्हणून फांदी फुटायला कारणच उरत नाही. वर चढणारा घन हा नवा कण म्हणून जन्म घेत नाही. मूळ धातूच्या कणावरच, त्याच्याच मांडणीत वाढतो. एकस्फटिकी टर्बाइन पात्यांच्या कामात या पद्धतीला मान आहे तो यामुळेच. १९७४ मध्ये डुव्हाल, ओव्झार्स्की आणि पॉलोनिस यांनी उष्णतारोधक मिश्रधातू जोडण्यासाठी तिला 'ट्रान्झियंट लिक्विड फेज' असं नाव दिलं, म्हणजे पाहुण्यासारखं येऊन जाणारं द्रव. नाव तेव्हाचं असलं तरी युक्ती फार जुनी. इट्रुस्कन दागिन्यांवरचे सोन्याचे बारीक मणी तांब्याचा क्षार आणि डिंक लावून, तापवून जोडलेले असावेत, हे लिटलडेल यांनी १९३० च्या दशकात करून दाखवलं. डिंकाचा कोळसा होतो, कोळसा क्षारातलं तांबं मोकळं करतो, तांब्याने सोन्याचा वितळबिंदू उतरतो, सांधा धरतो आणि तांबं सोन्यात मुरून जातं. दातातलं चांदीचं अमाल्गमही दूरचा नातेवाईकच: पारा आणि चांदी-कथिलाची पूड तोंडाच्या तापमानालाच घट्ट होते, दात कुणी थंड करत नाही. फक्त तिथे घन होणारी गोष्ट म्हणजे नवी संयुगं असतात, आपल्या सांध्यासारखं घन द्रावण नसतं.

आणि भट्टी वेळेआधी उतरवली तर? मधे उरलेलं द्रव आता थंडीने गोठतं. निकेल आधी बाहेर पडतं, बोरॉन उरलेल्या द्रवात दाटत जातो आणि शेवटी सगळा माल युटेक्टिक म्हणून थिजतो: निकेलचे बोराइड (बोरॉनशी झालेली संयुगं), क्रोमियम असेल तर त्याचेही. कठीण, ठिसूळ, आणि नेमके सांध्याच्या मध्यरेषेवर. माझ्या तुकड्यातली नेच्याची पानं ती हीच. तडा जायला याहून सोयीची वाट नाही.

हिशेब फटीचा

लागणारा वेळ कशावर ठरतो? फटीची रुंदी गुणिले फिलरमधलं बोरॉनचं प्रमाण, भागिले मूळ धातूत मावणारं बोरॉन. या उत्तराचा वर्ग करा. वेळ त्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि बोरॉनच्या मुरण्याच्या वेगाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'वर्ग'. फट दुप्पट झाली की वेळ चौपट. दीडपट झाली तर सव्वादोनपट. ५० ला दोन तास पुरत असतील तर १०० ला आठ तास लागतील, आणि बर राहिलेल्या कोपऱ्याला हे कुणी कळवलेलं नसतं.

भागाकारातला खालचा आकडा किती छोटा आहे ते बघा. शुद्ध निकेलमध्ये बोरॉन जास्तीत जास्त मावतो तो दर हजार अणूंमागे साधारण ३. युटेक्टिक फिलरमध्ये तो असतो हजारामागे सुमारे १७०. म्हणजे गुणोत्तर ५७ च्या आसपास. ५० मायक्रॉनच्या फॉइलमधला बोरॉन पूर्ण पोटात घ्यायला काठोकाठ भरलेलं जवळपास ३ मिमी निकेल लागेल! तुमच्या दोन्ही पट्ट्या मिळून २ मिमी असतील तर कितीही तास भट्टी चालवा, बोरॉनला जायला जागाच नाही. पातळ पत्र्यावर जाड फॉइल लावून 'गोठत का नाही' म्हणून भट्टीला दोष देणारे मी पाहिलेत. क्रोमियम असलेल्या मिश्रधातूत हा हिशेब थोडा सैल होतो, कारण बोरॉन क्रोमियमशी गाठ बांधून बोराइड बनतो आणि वाट मोकळी करतो. पण ते बोराइड सुयांसारखे सांध्याच्या दोन्ही अंगांना मूळ धातूत साचतात. म्हणजे मधली ब्याद कडेला गेली, पूर्ण टळली नाही.

आता लोकांचा लाडका उपाय: तापमान वाढवा. तापमान वाढवलं की बोरॉन जोरात पळतो, हे खरं. पण तापमान मूळ धातूच्या वितळबिंदूकडे सरकेल तसं घनात मावणारं बोरॉन कमी होत जातं, आणि वेळेच्या सूत्रात त्याचाही वर्ग आहे. एक हात गाडी पुढे ढकलतो, दुसरा मागे ओढतो. थोडं वाढवलं तर बहुधा फायदा होतो. फार वाढवलं तर फायदा आटतो, आणि बऱ्याच घटकांच्या सुपरॲलॉयमध्ये (उष्णतारोधक मिश्रधातूंमध्ये) तर उलट जास्त वेळ लागलेलाही दिसतो, कारण विरघळलेल्या मूळ धातूतले इतर घटक द्रवात साठून राहतात. शिवाय द्रव मूळ धातू जास्त खातो आणि मूळ धातूचे कण फुगतात ते वेगळंच. म्हणून माझा सल्ला असा की तापमानाला हात लावायच्या आधी फटीला हात लावा. ५० ची ३५ करता आली तर वेळ निम्म्यावर येतो, आणि त्याला वीजही लागत नाही.

भट्टीत ठेवण्यापूर्वी आणि ठेवल्यावर

पृष्ठभाग ६०० ग्रिटच्या पेपरवर घासा. आरशासारखं पॉलिश नको. बारीक ओरखड्यांमुळे द्रव पसरायला मदत होते. कडा फाइलने उतरवा आणि नख फिरवून बघा. हे मी आता कुणावर सोडत नाही. ॲसिटोनमध्ये अल्ट्रासॉनिक सफाई, मग हातमोजे. मिश्रधातूत ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम जास्त असेल तर त्यांचं ऑक्साइड फिलरला पसरू देत नाही. अशा वेळी निकेलचा पातळ मुलामा चढवून घेतलेला बरा.

जमलं तर पेस्टपेक्षा फॉइल वापरा. ही फॉइल काचेसारख्या विस्कळीत रचनेची असते. वितळलेला धातू फिरत्या चाकावर सोडून क्षणात थिजवलेला, म्हणून बोरॉन असूनही ती वाकते. पेस्टमध्ये फिलरची पूड धरून ठेवणारा बाइंडर असतो, तो जळून जायला हवा, आणि त्याची काजळी मागे राहिली तर सांध्यात भोकं. फॉइलला तो व्याप नाही, आणि जाडीही ठरलेली मिळते. पट्ट्या जागेवर बसल्या की फट चारही कोपऱ्यांवर फीलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) तपासा आणि आकडे वहीत लिहा. वजन हलकंच ठेवा. दाब जास्त झाला तर द्रव बाहेर पिळून निघतं. आत फट कमी होते हे चांगलंच, पण कडेला ओघळ जमतात आणि खालच्या भागाला चिकटतात.

थर्मोकपल वस्तूला लागलेलं हवं. यात तडजोड नको. भट्टीचं स्वतःचं थर्मोकपल ११०० दाखवत असताना जड फिक्श्चरमधली (वस्तू धरून ठेवणाऱ्या साच्यातली) वस्तू कितीतरी मागे असू शकते. एकदा मी घड्याळ भट्टीच्या आकड्यावरून लावलं, आणि नंतर वस्तूचा आलेख काढून बघितला तर ती २५ मिनिटं उशिरा पोचली होती. एका तासाच्या होल्डमधली, म्हणजे ठरलेल्या तापमानाला धरून ठेवण्याच्या वेळेतली, २५ मिनिटं!

निर्वात ०.०००१ मिलिबार किंवा त्याहून चांगलं. मिनिटाला १० अंशांच्या गतीने ९५० पर्यंत जा आणि तिथे थांबा. बीएनआय-२ वितळायला ९७१ ला सुरुवात होते, म्हणजे आपण उंबरठ्याच्या अलीकडे उभे आहोत. सगळी थर्मोकपल ५ अंशांच्या आत जुळली की मिनिटाला १५ ते २० अंशांनी थेट ११०० गाठा. हा शेवटचा टप्पा रमतगमत घेऊ नका. बोरॉन घन अवस्थेतही मुरतोच. फॉइल वितळण्याच्या आतच त्यातला बराच निघून गेला तर द्रव अपुरं होतं आणि फट नीट भरत नाही. पातळ फॉइलवर हे जास्त जाणवतं. मध्यरेषेवर गोल काळी भोकं दिसली तर आधी या टप्प्यावर संशय घ्या.

वस्तूचं थर्मोकपल ११०० ला पोचलं की घड्याळ सुरू. होल्ड संपल्यावर लगेच गॅसचा पंखा लावू नका. आत द्रव उरलं आहे की नाही हे तुम्हाला बाहेरून कळत नाही, म्हणून ९५० च्या खाली येईपर्यंत निर्वातातच उतरू द्या, मग आर्गॉन सोडा.

पाचर

आता मूळ मुद्दा. तुमच्या मिश्रधातूला, तुमच्या फिलरला, तुमच्या तापमानाला किती वेळ लागेल, हे कुठल्याही पुस्तकातून उचलू नका. एक पाचर बनवा.

४० मिमी लांब, १५ मिमी रुंद अशा दोन पट्ट्या घ्या, जाडी किमान ५ मिमी, म्हणजे वर सांगितलेला जागेचा प्रश्न येणार नाही. एका टोकाला त्या एकमेकींना टेकवा, दुसऱ्या टोकाला २०० मायक्रॉनचा शिम, म्हणजे फट राखणारा पातळ पत्रा, ठेवा. शिम मूळ धातूचाच किंवा मॉलिब्डेनमचा. दोन्ही टोकांना वेल्डिंगचा टॅक (छोटा टाका) मारा. आता फट शून्यापासून २०० पर्यंत एकसारखी वाढत जाते, म्हणजे दर मिलिमीटरला ५ मायक्रॉन. फिलरची पेस्ट एका लांब कडेला, पाचर भरून थोडी उरेल इतकी लावा. द्रव केशाकर्षणाने अरुंद बाजूला आधी धावतं, मग रुंद बाजू भरते. पेस्ट आहे म्हटल्यावर बाइंडर जाण्यासाठी वाटेत साधारण ५०० अंशांवर अर्धा तास थांबा. बाकी सगळा प्रवास वरच्यासारखाच.

बाहेर काढल्यावर रुंदीच्या बरोबर मधून, लांबीच्या दिशेने कापा. कडेजवळ कापू नका. कडेला फिलरचा ओघळ असतो, तो फटीपेक्षा कितीतरी जाड, आणि तो एवढ्या वेळात कधीच पूर्ण गोठत नाही. सुरुवातीच्या काळात मी एक चांगला सांधा कडेचं युटेक्टिक बघून नापास केलाय, आणि तो नापास झाल्याचं कळवून मोकळीही झाले होते. पुन्हा कापून बघितल्यावर दुसऱ्यांदा फोन करावा लागला.

माउंट करा, पॉलिश करा. एचिंगसाठी मी मार्बलचं द्रावण वापरते: ४ ग्रॅम मोरचूद, २० मिलि पाणी, २० मिलि हायड्रोक्लोरिक आम्ल. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही. धूर ओढणाऱ्या कपाटात, चष्मा आणि हातमोजे घालून. कापसाच्या बोळ्याने काही सेकंद पुसलं की पुरे. जास्त झालं तर युटेक्टिक कोरलं जातं आणि होतं त्यापेक्षा जाड दिसतं.

अरुंद टोकापासून निघा. स्वच्छ पट्टा दिसतो तो सगळा स्थिर तापमानाला गोठलेला. जिथे मध्यरेषेवर युटेक्टिकचा पहिला ठिपका दिसतो तिथे थांबा. पहिला सलग पट्टा नव्हे, पहिला ठिपका. त्या जागेचं टोकापासूनचं अंतर मोजा. समजा तो ९ मिमीवर मिळाला. ९ गुणिले ५, म्हणजे ४५ मायक्रॉन. या तापमानाला, या वेळेत पूर्ण गोठणारी ही सगळ्यात मोठी फट. कारखान्यातली भाषा हिला कमाल ब्रेझिंग क्लिअरन्स म्हणते. (रुंदी सूक्ष्मदर्शकात मोजू नका, द्रवाने मूळ धातू खाल्लेला असतो. अंतरावरून काढलेली मूळ फटच धरा.)

एवढ्यावर काम भागतं, पण मी नेहमी दोन पाचरी करते, एक १ तासाची, एक ४ तासांची. १ तासाला ४५ मिळाली असेल तर ४ तासांना ९० च्या जवळपास यायला हवी, कारण फट वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. आडव्या अक्षावर वेळेचं वर्गमूळ, उभ्यावर फट. दोन्ही बिंदू शून्यातून जाणाऱ्या एका सरळ रेघेवर बसले तर त्या रेघेवरून हव्या त्या फटीचा वेळ वाचा. ४ तासांची पाचर ९० ऐवजी ६५ वरच अडकली, तर समजा की काहीतरी बदललंय: तापमान फार वर आहे, मूळ धातू बोरॉनने भरत आलाय, किंवा द्रवात दुसरा घटक साठतोय. अशा वेळी मी तापमान ३० अंश खाली घेऊन नवी पाचर लावते. आजवर वाढवण्यापेक्षा उतरवण्यानेच माझी गाडी जास्त वेळा रुळावर आलीय.

रेघेवरून आलेला वेळ जसाच्या तसा भट्टीला देऊ नका. वस्तूवरची फट ५० म्हणून लिहिली असेल आणि फीलर गेज एका कोपऱ्यात ६० दाखवत असेल, तर हिशेब ६० चा करा. ५० ला सव्वा तास लागत असेल तर ६० ला पावणेदोन तासांपेक्षाही थोडा जास्त. सरासरी फट काढून उपयोग नाही. सांधा सगळ्यात रुंद जागी सगळ्यात शेवटी गोठतो.

गोठल्यावरही काम उरतं

मध्यरेषेवरचं युटेक्टिक गेलं म्हणजे सांधा गोठला, पण एकजीव झाला असं नाही. मायक्रोहार्डनेसचे ठसे सांध्यावर आडवे मारत जा, ५० ग्रॅमच्या भाराने. युटेक्टिक असेल तिथे ठसा एवढासा उमटतो, कडकपणा मूळ धातूच्या दुप्पट-तिप्पट. स्वच्छ पट्ट्यात तो खाली येतो, आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना, बोराइडच्या सुया असतात तिथे, पुन्हा उसळी घेतो. त्या सुया जिरवायला आणि मूळ धातूतले ताकद देणारे घटक सांध्यात यायला आणखी तास लागतात. हे काम घन अवस्थेतलं. सगळं द्रव संपलंय, म्हणून इथे फिलरच्या वितळबिंदूची भीती उरत नाही. मूळ धातूला सोसेल ते तापमान निवडता येतं आणि बहुतेक वेळा त्याच्या नेहमीच्या उष्णोपचारातच हे उरकता येतं. सुया सहज जातील अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.

शेवटची एक परीक्षा मी करते. सांधा दिलेला तुकडा भट्टीत उभा टांगायचा, खाली छोटं वजन अडकवायचं आणि १०४० अंशांना अर्धा तास ठेवायचं. बीएनआय-२ ९९९ लाच पूर्ण द्रव होतं. युटेक्टिक सलग उरलं असेल तर सांधा सुटतो आणि वजन खालच्या ट्रेवर पडतं. म्हणून ट्रेमध्ये सिरॅमिकचा लोकरी थर घालून ठेवा. काका आता तो न सांगता घालतात. बर राहिलेल्या तुकड्याच्या उजव्या टोकातून कापलेला नमुना पडला होता. डाव्या टोकाचा अजून माझ्या टेबलावर आहे, वजनासकट.